मोटारीची नाडीपरीक्षा

वैद्याकडे जाऊन ‘मला बरें वाटत नाहीं’ एवढेंच सांगून गप्प बसणारा रोगी आणि गॅरेजांत जाऊन ‘गाडी कसलासा आवाज करते’ असें सांगून किल्ली हवालीं करणारा गृहस्थ, या दोघांत फारसें अंतर नाहीं. पहिल्यास वैद्य निदान चार प्रश्न तरी विचारतो. दुसऱ्याच्या वांट्यास पुष्कळदां प्रश्नांऐवजी नवे भागच येतात. एक बदलून पाहावा, थरथर राहिली तर दुसरा बदलावा, असा हा उपचार. अंधारांत धोंडे मारण्याचाच हा प्रकार असून प्रत्येक धोंड्याची किंमत आपल्या जमाखर्चाच्या वहींत पडते.

आपल्या जुन्या वैद्यकानें रोगपरीक्षेचीं जीं आठ स्थानें मानिलीं, त्यांत नाडीबरोबर शब्द आणि स्पर्श यांचीही गणना आहे. मोटारीच्या बाबतींत बरेंचसें काम या दोहोंवरच होतें. मात्र आरंभीं एका प्रश्नाचें उत्तर हवें : हा कंप कोणाच्या पावलावर पाऊल टाकून चालतो? चाकाच्या, इंजिनाच्या, कीं चालकाच्या एखाद्या कृतीच्या?

परीक्षा सोपी आहे. सपाट व मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगास थरथर येते, तो वेग कायम ठेवून गिअर तेवढा एक खालचा घ्यावा. चाकें पूर्वीइतकींच फिरतील, इंजिन मात्र अधिक जलद फिरूं लागेल. थरथरींत कांहींच फरक पडला नाहीं, तर इंजिनावरचा आळ बहुतांशीं फिटला. उलट गाडी दारांत उभी असतां इंजिनाचा वेग वाढवितांच तोच आवाज ऐकूं आला, तर चाकें निर्दोष समजावीं आणि इंजिन ज्या रबरी बैठकींवर बसविलेलें असतें, त्यांकडे पाहावें. विजेवर चालणाऱ्या मोटारींत हा प्रश्न बराचसा आपोआपच सुटतो. पण इंजिनाचा आवाज झांकण घालीत नसल्यानें इतर बारीकसारीक आवाज तेथें अधिक छळतात. उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडून आवाज ऐकावा, असा सल्ला देणारे शहाणे भेटतात. त्यांचें मुळींच ऐकूं नये. घाटांत तर नाहींच नाहीं.

आतां थोडें गणित. आमच्या वाचक भगिनींनीं हा परिच्छेद ओलांडून जाऊं नये, कारण खरी गंमत येथेंच आहे. कुटुंबाच्या मोठ्या गाडीस पुष्कळदां १८५/६५ आर १५ या मापाचा टायर असतो. त्याचा व्यास सुमारें ६२ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यांत गाडी दोन मीटरांस किंचित् कमी इतकी पुढें जाते. ताशीं ८० किलोमीटर वेगास हें चाक दर सेकंदास सुमारें ११ वेळां फिरतें. मनुष्याचा कान सेकंदास २० कंपनांच्या खालीं सहसा कांहीं ऐकत नाहीं. म्हणून चाकाच्या तोलाचा दोष कानास न कळतां हातास व पाठीस कळतो. याउलट मिनिटास २४०० फेरे घेणारें चार सिलिंडरांचें इंजिन सेकंदास ८० ठोके देतें. तो गंभीर घुमारा कानास सहज कळतो. बसलेल्या माणसानें खिशांतील मोबाइल मांडीवर न ठेवतां गाडीच्या तळावर ठेवावा. कंपनें मोजणारे अ‍ॅप मिळतात, आणि ११ कीं ८० एवढें तरी त्यांतून कळतें. चालकानें या खेळांत पडूं नये.

आणि या दोषाचें बळ तरी केवढें! रिमच्या कांठाशीं केवळ ३० ग्रॅम वजन जास्त असलें, तर ताशीं ४० किलोमीटरांस तें सुमारें पाऊण किलोच्या ओढीनें चाकास खेंचतें. ८० ला तीच ओढ चौपट, म्हणजे तीन किलोंची होते, आणि तीही सेकंदास ११ वेळां. शिवाय चाकाचा स्प्रिंगवर नाचण्याचा स्वतःचा ठेका सेकंदास १० ते १५ असा असतो. झोंपाळ्यास नेमक्या वेळीं दिलेला हलका झोकाही त्यास आढ्यापर्यंत नेतो, तसेंच येथें होतें. पुढें वेग आणखी वाढविला कीं ठेका चुकतो आणि थरथर कमी भासते. ‘शंभराच्या वर नेली कीं गाडी शांत होते’ असें कौतुकानें सांगणारे चालक आम्ही ऐकले आहेत. ओढ त्या वेळीं वाढलेलीच असते; कळत नाहीं इतकेंच.

हें सारें किती निकडीचें असूं शकतें, याचें एक उदाहरण आमच्या परिचयाच्या पुण्याच्या एका घरीं घडलें. घरांत सात माणसें, मोटार एकच. गौरीगणपतीस मंडळी कोंकणांत जाऊन आलीं, तेव्हांपासून ८० च्या सुमारास गाडी कांपूं लागली. रिमच्या आंतल्या अंगास तांबडी माती वाळून बसली होती. ती धुतली कीं असली थरथर पुष्कळदां फुकटांत जाते. येथें ती गेली नाहीं. गॅरेजांत चारी चाकांचें बॅलन्सिंग झालें, आंकडे बरोबर आले, तरी कंप कायम. तेव्हां स्टीअरिंगचा रॅक आणि पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलावे, असा निकाल मिळाला. आठ दिवसांनीं समृद्धी महामार्गानें नागपूरला एका साठीशांतीस जावयाचें होतें, म्हणून यजमान तेवढ्या खर्चासही तयार झाले.

अडविलें तें धाकट्या जाऊबाईंनीं. त्या सासूबाईंना घेऊन नेहमीं मागें बसत. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, थरथर तुमच्या हाताला कुठें लागते? ती आम्हांला खालून लागते. आणि गल्लींत हळू चाललों तरी गाडी बदकासारखी डोलते.’ या दोन वाक्यांत सगळें निदान होतें. पुढच्या चाकाचा दोष बहुधा स्टीअरिंगवर येतो, मागच्या चाकाचा बैठकीस लागतो. निव्वळ तोलाचा दोष मंद वेगास जाणवत नाहीं. मंद वेगासही जी डोलते, त्या गाडीच्या टायराचा आकारच बिघडलेला असावा. बॅलन्सिंगचें साधें यंत्र चाक अधांतरीं फिरवून वजनाचा तोल पाहतें. तो टायर भाराखालीं कसा लोळतो, हें त्यास कळत नाहीं. मागच्या डाव्या चाकाच्या जागीं स्टेपनी चढविली आणि कंप गेला. उतरलेला टायर आंतल्या बाजूनें पाहिला, तों अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा! खड्ड्याच्या कांठावर आपटून आंतले धागे तुटले होते आणि हवेचा सारा दाब वरच्या रबरानें कसाबसा तोलून धरिला होता. समृद्धीवर मोटारींस ताशीं १२० पर्यंत मुभा आहे. सात माणसांच्या भारानें, तापलेल्या काँक्रीटवर, तासन्‌तास तसा टायर चालविणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. मागें बसणाऱ्यांच्या तक्रारीस ‘तुम्हांला उगीच वाटतें’ असें म्हणण्याची घरोघर चाल आहे, म्हणून हें विस्तारानें लिहिलें.

इतर खुणा थोडक्यांत. केवळ ब्रेक लावतांनाच कंप येत असेल, तर ब्रेकची डिस्क पाहावी. वेगाबरोबर वाढणारी गुरगुर बेअरिंगची असते किंवा झिजलेल्या टायराची. डांबरावरून काँक्रीटवर जातांच स्वर पालटला तर टायर, न पालटला तर बेअरिंग. उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकांवर पडतो. त्या वेळीं गुरगुर वाढल्यास संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा. पुढचीं चाकें ओढणाऱ्या गाडींत स्टीअरिंग पूर्ण वळवून चालतांना टकटक ऐकूं आली, तर चाकाशेजारच्या सांध्याचें रबरी बूट फाटून वंगण गेलें असण्याचा संभव फार. आणि इंजिन सुरू करतांच पत्र्याचा डबा वाजावा तसा आवाज पुष्कळदां सायलेन्सरवरच्या सुटलेल्या पत्र्याचाच असतो. त्याची धास्ती नको.

एका थरथरीची मात्र परीक्षा करीत बसूं नये. पंक्चर काढून किंवा टायर बदलून आणल्यावर एकाएकीं नवा कंप सुरू झाला, विशेषतः त्याबरोबर ठकठक ऐकूं आली, तर गाडी तेथेंच कडेस घ्यावी व चाकाचे नट पान्यानें तपासावे. चाक काढून बसविल्यावर सुमारें शंभर किलोमीटरांनीं ते पुन्हां एकदां आंवळून पाहण्याची संवय असावी. स्टेपनी चढविली असली तरीही.