नव्या गाडीचे इंजिन ऑइल पिऊ लागते तेव्हा...

नवी गाडी घेतली, की निदान चार-पाच वर्षे बॉनेट उघडून पाहण्याची गरज नाही, असा शहरी वाहनधारकांचा सर्वसाधारण समज असतो. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करावे, उरलेली काळजी सर्व्हिस सेंटरने घ्यावी, ही सवय आता चांगलीच रुळली आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या गाडीतील इंजिन ऑइल दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळातच तळाला गेल्याचे आढळले, की गाडीमालक गोंधळून जातो. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारणा केल्यावर 'थोडेफार ऑइल लागतेच, काळजीचे कारण नाही' असे उत्तर मिळते आणि ऑइल टॉप अप करून गाडी परत दिली जाते.

हे उत्तर चुकीचे नाही. परंतु पुरेसेही नाही. प्रत्येक इंजिनात काही प्रमाणात ऑइल जळतेच. ते स्वाभाविक कुठपर्यंत आणि दोष कुठून सुरू होतो, हे मात्र मोजमापाशिवाय ठरत नाही. हे मोजमाप वॉरंटीची मुदत संपण्यापूर्वी करून ठेवणे गाडीमालकाच्या हिताचे असते. मुदतीनंतर याच तक्रारीसाठी इंजिन उघडण्याची वेळ आली, तर तो खर्च त्यालाच सोसावा लागतो.

ऑइल जाते कुठे?

पिस्टनला साधारणपणे तीन रिंग असतात. वरच्या दोन रिंग ज्वलनातील वायूंचा दाब अडवून धरतात, तर तिसरी 'ऑइल कंट्रोल रिंग' सायलेंडरच्या भिंतीवरील जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. भिंतीवर ऑइलचा अतिशय पातळ थर उरतो आणि तो थोडा थोडा जळत राहतो. तिसऱ्या रिंगमागील बारीक छिद्रे कार्बनने बुजली किंवा ती रिंग आपल्या खाचेत अडकून बसली, तर ऑइल परत जाऊ शकत नाही आणि इंधनाबरोबर जळू लागते.

याशिवाय आणखी तीन वाटा आहेत. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सील कडक झाल्यास तेथून ऑइल झिरपते. इंजिनातील वाफा पुन्हा हवेच्या मार्गात सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बिघडल्यास त्या वाफांसोबत ऑइलही ओढले जाते. टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोच्या बेअरिंगजवळील सील हे तिसरे ठिकाण. गळती हा अर्थातच वेगळा प्रकार आहे. मात्र हल्ली अनेक गाड्यांच्या इंजिनाखाली प्लास्टिकचे आवरण असल्याने ठिबकणारे ऑइल पार्किंगच्या फरशीवर दिसेलच, असे नाही.

नव्या इंजिनांतच हे का?

इंधनाची बचत आणि प्रदूषणाचे कडक निकष यांसाठी इंजिनातील घर्षण कमी करण्यावर गेल्या काही वर्षांत मोठा भर दिला गेला आहे. त्यासाठी पिस्टनच्या रिंगांचा भिंतीवरील ताण कमी करण्यात आला आणि ०डब्ल्यू-२० सारखी अधिक पातळ ऑइल वापरात आली. दोन्ही उपाय योग्यच आहेत. मात्र चुकीला वाव कमी झाला आहे. कमी ताणाच्या रिंगमध्ये कार्बन साचला, तर तिचे काम लवकर बिघडते.

शहरी वापर यात भर घालतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. सिग्नलवर व कोंडीत ते तासन् तास चालू राहते, परंतु किलोमीटर वाढत नाहीत. त्यामुळे किलोमीटरच्या हिशेबाने ऑइल नवे वाटते. प्रत्यक्षात ते बरेच वापरलेले असते. म्हणूनच 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते' या अटीतील वर्षाची अट शहरातील वाहनधारकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

नव्या गाडीच्या पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये रिंग व भिंत एकमेकांशी जुळत असतात. या काळात ऑइल किंचित जास्त लागणे स्वाभाविक असते. पुढे हा खप स्थिरावला पाहिजे. तो स्थिरावण्याऐवजी वाढत गेला, तर ते लक्षण चांगले नाही.

'नॉर्मल' म्हणजे किती?

वादाचे मूळ याच प्रश्नात आहे. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर, तर काहींत एक लिटरपर्यंतचा खप मर्यादेत धरला जातो. ही कमाल मर्यादा असते. सुस्थितीतील इंजिन साधारणपणे याहून बरेच कमी ऑइल घेते.

या मर्यादेचा अर्थ साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. लहान गाडीच्या इंजिनात साधारण साडेतीन लिटर ऑइल मावते आणि डिपस्टिकवरील वरच्या व खालच्या खुणांमध्ये बहुधा सुमारे एक लिटरचे अंतर असते. हजार किलोमीटरला अर्धा लिटर या दराने दोन हजार किलोमीटरमध्येच पातळी खालच्या खुणेला टेकते. दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगपर्यंत पाच लिटर ऑइल लागेल, म्हणजे इंजिनात मावते त्याहून अधिक. तेव्हा 'खप मर्यादेत आहे' असे सांगितले गेले, तरी मध्ये कोणी पातळी पाहिली नाही, तर इंजिन निकामी होऊ शकते.

डॅशबोर्डवरील लाल दिवा वेळीच सावध करील, या भरवशावर राहणेही धोक्याचे आहे. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, तर दाब कमी झाल्याची सूचना देतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचणे कमी झालेले असू शकते. अशा वेळी गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करणे, हाच मार्ग उरतो.

अमेरिकेतील दोन प्रकरणे

नव्या गाड्यांतील ऑइलच्या खपाचा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला आहे. सुबारूच्या २०११ ते २०१४ या काळातील काही मॉडेलच्या मालकांनी २०१४ मध्ये न्यू जर्सीतील संघीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. २०१६ मध्ये तडजोड मंजूर झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही. मात्र ऑइलच्या खपाच्या तक्रारीपुरती वॉरंटी पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांवरून आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवण्यात आली. आधी केलेल्या दुरुस्तीचा खर्च कागदपत्रांच्या आधारे परत मागण्याची सोयही त्यात होती.

टोयोटाने २०१५ मध्ये २००७ ते २००९ च्या कॅमरीसह २.४ लिटर इंजिनाच्या काही मॉडेलसाठी पिस्टन व रिंग बदलून देण्याची योजना राबवली. त्यासाठी गाडीची खप-चाचणी होत असे. १,२०० मैलांत, म्हणजे सुमारे १,९३० किलोमीटरमध्ये, एक क्वार्ट (सुमारे ९५० मिलिलिटर) किंवा त्याहून अधिक ऑइल लागले, तर ती गाडी दुरुस्तीस पात्र ठरे. हे प्रमाण हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर होते. दोन्ही प्रकरणांत मोजमाप आणि कागदपत्रे यांवरच मालकांचा लाभ अवलंबून होता.

घरच्या घरी मोजमाप

हे मोजमाप कोणताही वाहनधारक करू शकतो. गाडी सपाट जागी उभी करावी. सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी आणि पातळी पाहावी. मॅन्युअलमध्ये गरम इंजिनावर पातळी पाहण्याची सूचना असेल, तर इंजिन बंद करून सांगितलेली मिनिटे थांबावे. प्रत्येक वेळी जागा आणि पद्धत तीच ठेवावी. डिपस्टिक नसलेल्या काही महागड्या गाड्यांत ही पातळी स्क्रीनवर पाहता येते.

सुरुवातीला पातळी वरच्या खुणेपर्यंत आणून किलोमीटरचा आकडा टिपावा. त्यानंतर दर ५०० किलोमीटरला पातळी पाहावी. ऑइल घालावे लागल्यास मोजून घालावे आणि तारीख, किलोमीटर व मिलिलिटर वहीत लिहावेत. डिपस्टिक आणि ओडोमीटर यांची छायाचित्रे ठेवावीत, ऑइलची पावती जपून ठेवावी. उदाहरणार्थ, १,६०० किलोमीटरमध्ये ८०० मिलिलिटर ऑइल घालून पातळी पुन्हा वरच्या खुणेला आली, तर खप हजार किलोमीटरला अर्धा लिटर झाला.

वरच्या खुणेपेक्षा अधिक ऑइल कधीही भरू नये. जादा ऑइल उसळून वाफांच्या मार्गाने आत ओढले जाते आणि खप वाढल्याचा भास होतो. पातळी आपोआप वाढत असेल, तर तेही शुभचिन्ह नव्हे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करत असताना इंजिन वारंवार बंद केले गेले, तर डिझेल ऑइलमध्ये मिसळू शकते. अशा पातळ झालेल्या ऑइलमुळे झीज वाढते.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय मागावे?

तक्रार तोंडी न ठेवता जॉब कार्डवर लिहून घ्यावी. 'ऑइल टॉप अप केले' एवढीच नोंद पुरेशी नाही. किती किलोमीटरनंतर पातळी किती खाली होती आणि किती ऑइल घातले, हे त्यात असावे. त्यानंतर रीतसर खप-चाचणीची मागणी करावी. या चाचणीत ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून ड्रेन प्लग, फिल्टर व झाकण यांवर खूण किंवा सील केले जाते आणि ठरलेले अंतर चालवल्यानंतर घट मोजली जाते.

तपासाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी खालचे आवरण काढून गळती पाहावी, मग पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि टर्बोच्या नळ्या तपासाव्यात. इंजिन उघडण्याची वेळ त्यानंतरच यावी. धुरावरूनही काही अंदाज बांधता येतो. गाडी सुरू करताना क्षणभर निळसर धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह सीलचा, आणि जोर देताना येत असेल, तर रिंगांचा संशय घ्यावा. मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे हा धूर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून धूर नाही म्हणजे दोष नाही, असे मानता येत नाही.

'कॉम्प्रेशन टेस्ट व्यवस्थित आहे' या उत्तरानेही निश्चिंत होऊ नये. ती चाचणी मुख्यतः वरच्या रिंग आणि व्हॉल्व्ह यांची अवस्था सांगते. ऑइल कंट्रोल रिंग बुजलेली असूनही कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते.

जाड ऑइल आणि बाटलीतील औषधे

खप कमी करण्यासाठी जाड ऑइल घालण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. मॅन्युअलमध्ये त्या इंजिनासाठी एकापेक्षा अधिक ग्रेड दिले असतील, तर त्यांतील जाड ग्रेड निवडण्यास हरकत नाही. त्याबाहेरचे ऑइल वॉरंटीच्या काळात घालू नये. दावा फेटाळण्यास ते आयते कारण ठरते. ऑइलमध्ये मिसळण्याच्या द्रव्यांबाबतही हेच लागू आहे. कार्बन साफ करणाऱ्या द्रव्यांनी अडकलेल्या रिंग कधी कधी मोकळ्या होतात. पण भिंतीवर ओरखडे असतील, तर त्यांचा उपयोग नाही.

नुसते ऑइल घालत राहिल्याने प्रश्न सुटत नाही. जळालेल्या ऑइलमधील फॉस्फरससारखी द्रव्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटवतात आणि डिझेल गाडीत राखेने फिल्टर भरत जातो. हे दोन्ही भाग महाग आहेत.

दाद कुठे मागावी?

सर्व्हिस सेंटरने दाद दिली नाही, तर जॉब कार्ड व नोंदी जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. योग्य तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग तांत्रिक तपासणी करवून घेऊ शकतो.

वॉरंटी संपण्यास सहा महिने उरलेले असतील, तर दोन-तीन हजार किलोमीटरच्या नोंदी करण्यास आणि खप-चाचणी पूर्ण करण्यास तेवढा अवधी बहुतेकांना पुरतो. मुदत संपण्याच्या आठवड्यात प्रथमच तक्रार केल्यास चाचणीलाही वेळ उरत नाही. त्यामुळे पुढील सर्व्हिसिंगची वाट न पाहता या आठवड्यातच एकदा डिपस्टिक पाहून किलोमीटरचा आकडा टिपून ठेवणे इष्ट.