डिझेल वाहनातील इंधन हीटर : विद्युत दोषाचे निदान

मयूर विहार ही दिल्लीतील वसाहत यमुनेच्या पूर्व तीरावर आहे. तिच्या एका बाजूला नदीच्या खादरातील भाजीपाल्याची शेती, तर दुसऱ्या बाजूला थोड्याच अंतरावर गाझीपूरची मंडई. हिवाळ्यात पहाटेच्या लिलावासाठी शेतमाल घेऊन निघणाऱ्या डिझेल पिकअप व टेम्पो वाहनांची कसोटी याच भागात लागते. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत 1 जानेवारी 2021 रोजी किमान तापमान 1.1 अंश सेल्सिअस नोंदले गेले. अशा पहाटे वाहन एका सेल्फमध्ये सुरू होते, एक-दोन मिनिटे चालते आणि ताकद सोडून बंद पडते. दहा वाजता ऊन चढले की तेच वाहन काहीही दुरुस्ती न करता सुरू होते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोषाची खूणच उरलेली नसते, आणि माल मात्र लिलावाला मुकलेला असतो.

हे लक्षण इंधनातील मेणाचे आहे. डिझेलमध्ये पॅराफिन मेणाचा अंश नैसर्गिकरीत्याच असतो. तापमान घटल्यावर त्याचे सूक्ष्म स्फटिक बनतात आणि फिल्टरच्या कागदावर साचतात. नळीतील डिझेल संपेपर्यंत इंजिन चालते; पुढे फिल्टर चोंदतो. भारतीय मानक आयएस 1460 नुसार, थंडीमुळे फिल्टर चोंदण्याचे तापमान हिवाळी डिझेलसाठी कमाल 6 अंश, तर उन्हाळी डिझेलसाठी कमाल 18 अंश इतके चालते. म्हणजे मानकात पूर्णपणे बसणारे हिवाळी डिझेलही 1 अंशाच्या पहाटे फिल्टर चोंदवू शकते. ऑक्टोबरमध्ये पिंपात भरून ठेवलेले डिझेल जानेवारीत ट्रॅक्टरला वापरले, तर हा धोका अधिकच वाढतो. निफाडसारख्या भागात पारा 5 अंशांच्या खाली जातो, त्यामुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही हा विषय परका नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे वेगळे हिवाळी डिझेल आणले. मैदानी प्रदेशात ही जबाबदारी वाहनातील इंधन हीटरवर येते.

येथे शब्दांचा घोळ आधी दूर करावा. गॅरेजमध्ये ‘हीटर’ म्हटले की बहुतेक मिस्त्री हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग, समजतात. ग्लो प्लग सिलिंडरमधील हवा तापवतो. इंधन हीटर फिल्टरच्या डोक्यात किंवा डोके व फिल्टर यांच्यामध्ये बसवलेला असतो आणि डिझेल तापवतो. ग्लो प्लग निकामी असेल तर इंजिन सुरू होतानाच त्रास देते व पांढरा धूर सोडते. सुरू होऊन नंतर बंद पडणे हे इंधन अडल्याचे लक्षण आहे. मात्र फिल्टरमध्ये साचलेले पाणी, जुना फिल्टर किंवा नळीने घेतलेली हवा यांनीही नेमके असेच होते. त्यामुळे मीटर हातात घेण्यापूर्वी फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे आणि नळ्यांचे जोड तपासावेत. दोष केवळ कडाक्याच्या थंडीत येतो आणि उन्हात नाहीसा होतो, असे असेल तरच हीटरकडे वळावे.

हीटरची रचना साधी आहे. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, रिलेतून थर्मोस्टॅट, तेथून तापणारा घटक आणि शेवटी अर्थ असा विजेचा मार्ग असतो. घटक बहुधा बेरियम टायटनेट या सिरॅमिकचा असतो. तो तापला की त्याचा रोध आपोआप वाढतो व प्रवाह घटतो, त्यामुळे तो स्वतःला जाळून घेत नाही. थर्मोस्टॅट ही द्विधातूची पट्टी असते. इंधन थंड असताना ती जोडलेली राहते आणि इंधन पुरेसे तापले की सुटते. काही आधुनिक वाहनांत थर्मोस्टॅटऐवजी इंजिनचा संगणक तापमान पाहून रिले चालवतो. घटकात बिघडण्यासारखे फारसे काही नसल्याने प्रत्यक्षात तो क्वचितच बिघडतो. तरीही बदलला जातो तो बहुधा घटकच.

याचे कारण तपासणीच्या वेळेत आहे. दुपारी 20 अंश तापमानात हीटरच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटर लावला की मार्ग खंडित दिसतो. मिस्त्री हीटर जळाल्याचे सांगतो आणि नवा हीटर बसवला जातो. वस्तुतः त्या तापमानाला थर्मोस्टॅट सुटलेला असणे हेच त्याचे योग्य काम आहे. नवा हीटरही त्या दुपारी तसाच ‘जळालेला’ दिसेल. पण तो कोणी मोजत नाही.

म्हणून तपासणी थंडीतच करावी. जानेवारीतील पहाटेचे पाच हे त्यासाठी उत्तम, आणि दिल्लीत त्याचे मोल द्यावे लागत नाही. ते शक्य नसल्यास इंजिन थंड असताना चावी बंद ठेवून हीटरचा कनेक्टर काढावा आणि प्लास्टिक पिशवीतील बर्फ हीटरच्या भागाला वीस ते तीस मिनिटे दाबून ठेवावा. हीटर सुटा काढता येत असेल तर तो कोरड्या पिशवीत घालून बर्फात ठेवावा. थंड झाल्यावर टोकांमधील रोध मोजावा. 12 व्होल्टच्या वाहनात तो साधारणपणे ओहमच्या काही दशांशांपासून एक-दोन ओहमपर्यंत असतो. नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावी. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोधही 0.2 ते 0.3 ओहम असू शकतो. तारांची टोके एकमेकांना टेकवून तो आधी मोजावा आणि वाचनातून वजा करावा. त्यानंतर हीटर हळूहळू कोमट होऊ द्यावा. ठरलेल्या तापमानाला मार्ग खंडित झाला तर थर्मोस्टॅटही शाबूत आहे. बर्फातही मार्ग खंडितच राहिला तरच हीटर सदोष मानावा.

हीटर चांगला असूनही पहाटे इंधन तापत नसेल, तर दोष पुरवठ्यात आहे. येथे दुसरी फसगत होते. कनेक्टर काढून त्यात मीटर लावला की पूर्ण 12 व्होल्ट दिसतात आणि वायरिंग ठीक असल्याचा निष्कर्ष काढला जातो. मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण दाब दिसतो. टेस्ट लॅम्प दोन अँपिअरच्या आतच घेतो, म्हणून तोही उजळतो. हीटरला मात्र पंधरा अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो.

समजा, थंड हीटरचा रोध 0.8 ओहम आहे. 12 व्होल्टला त्यातून 15 अँपिअर प्रवाह जातो आणि 180 वॅट उष्णता मिळते. आता कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेत केवळ 0.2 ओहम रोध वाढला, तर प्रवाह 12 अँपिअरवर येतो आणि हीटरला 9.6 व्होल्टच मिळतात. त्याची उष्णता सुमारे 115 वॅटवर घसरते. उरलेले 2.4 व्होल्ट त्या पिनेत खर्च होतात, म्हणजे सुमारे 29 वॅट उष्णता एका बारीकशा जोडात निर्माण होते. कनेक्टरचे प्लास्टिक पिवळे पडणे, वितळणे किंवा काळे होणे याचे हे कारण. डिझेल फिल्टरच्या अंगाला अशी उष्णता साचणे आगीच्या दृष्टीनेही गंभीर आहे.

यासाठी कनेक्टर जोडलेला ठेवून, हीटर चालू असताना, दाबाची घट मोजावी. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला व दुसरी कनेक्टरच्या मागून हीटरच्या धन पिनेला लावावी. घट अर्ध्या व्होल्टहून अधिक आढळल्यास फ्यूजचे घर, रिलेचे 30 व 87 क्रमांकांचे संपर्क आणि पिना क्रमाने तपासाव्यात. त्याच पद्धतीने हीटरच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतची घट पाहावी, तेथे 0.2 व्होल्टहून अधिक घट म्हणजे बॉडी अर्थ सैल किंवा गंजलेला. डीसी मोजणारा क्लँप मीटर उपलब्ध असेल तर प्रवाह थेट कळतो. काही वाहनांत इंजिन चालू झाल्याशिवाय रिलेला आज्ञाच मिळत नाही. केवळ चावी फिरवून शून्य व्होल्ट दिसले म्हणून तो दोष समजू नये. आधी सर्किटचा आराखडा पाहावा.

रिलेचे संपर्क चिकटले तर लक्षण उलटेच दिसते. चावी बंद असूनही हीटरला वीज मिळत राहते. दिवसा थर्मोस्टॅट सुटलेला असल्याने गळती सापडत नाही; रात्री पारा उतरला की तो जोडला जातो आणि सकाळपर्यंत बॅटरीत सेल्फ फिरवण्याइतकाही जोर उरत नाही. मालक बॅटरी बदलतो आणि पुढच्या थंड रात्री नवी बॅटरीही बसते. अशा वेळी चावी बंद ठेवून, फिल्टरजवळ बर्फ लावून, बॅटरीच्या तारेतील प्रवाह क्लँप मीटरने मोजावा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठ्या क्षमतेचा फ्यूज कदापि घालू नये. इंजिनाला घासून सोललेली तार किंवा डिझेलने भिजलेला कनेक्टर शोधावा. हीटरची रबरी ओ-रिंग थकली की डिझेल पिनेच्या वाटेने बाहेर येते आणि तारेच्या आतून पुढे झिरपते. असा हीटर विजेच्या दृष्टीने चांगला असला तरी बदलावाच लागतो. फिल्टरजवळ डिझेल सांडलेले असताना चालू वीजप्रवाहाची कोणतीही चाचणी करू नये. जागा पुसून कोरडी करावी.

उत्तर भारतात गोठलेल्या टाकीखाली चिंध्या पेटवण्याची जी प्रथा दिसते, ती सर्वथा टाळावी. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्यास कॉमन रेल इंजिनाच्या पंपाचे वंगण घटते आणि पंपाची किंमत हीटरच्या कित्येक पट असते. पहाटे अडकलेल्या वाहनाच्या फिल्टरवर गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके गुंडाळावे. विद्युत कनेक्टर मात्र कोरडा ठेवावा. कनेक्टर, ओ-रिंग आणि रिले यांची तपासणी नोव्हेंबरच्या अखेरीस, नवा फिल्टर बसवताना एकाच वेळी उरकता येते, कारण त्या वेळी फिल्टरचे डोके तसेही उघडलेलेच असते.