खडखड आणि मायलेज

छोट्या गाडीतली खडखड शोधायची तर आधी गाडी रिकामी करावी. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनीचा सैल बोल्ट, दाराच्या कप्प्यातली बाटली, दारांमधल्या खांबावर आपटणारं सीटबेल्टचं बक्कल: बऱ्याचदा चोर इथेच सापडतो. तरीही आवाज राहिला, तर शेजारी कुणाला तरी बसवून खडबडीत रस्त्यावरून सावकाश जावं आणि त्यानं डॅशबोर्ड, ग्लोव्हबॉक्स, मागचा पार्सल ट्रे एकेक करून हातानं दाबून पाहावा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथल्या फटीत फेल्टची चिकटपट्टी लावावी. प्लास्टिक उन्हात फुगतं, थंडीत आकसतं. म्हणून सकाळी वाजणारी गाडी दुपारी गप्प असू शकते. आवाज चाकांकडून, खालून येत असेल तर मात्र पट्टी लावत बसू नका, सस्पेन्शन तपासून घ्या. तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

मायलेजचं म्हणाल, तर आधी नीट मोजा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल करा आणि धावलेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागा. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर मिळालेला असतो. शहरातल्या गर्दीत तो गाठता येत नाही, म्हणून लगेच इंजिनाला दोष देऊ नये. मायलेज सुधारायचं तर टायर थंड असताना हवा तपासा. योग्य दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेला असतो. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय तर आजच सोडा.