होडीच्या यंत्राचा गिअर आणि पाण्यातला रेटा

ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा येथे मुंब्रा-पनवेल मार्गास कल्याणकडून येणारा रस्ता मिळतो. न्हावाशेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारी येथे थांबतात आणि वाट मोकळी होताच पहिल्या गिअरमध्ये हळूहळू हलू लागतात. इंजिन मोठ्याने घोंघावते. चाके मात्र संथ फिरतात. वेग सोडून ओढ मिळविण्याचा हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. या फाट्यापासून थोड्याच अंतरावर, दिवा-मुंब्र्याच्या पलीकडे उल्हास नदीची खाडी आहे. तेथील पाण्यात भरलेली होडी ओहोटीच्या ओढीविरुद्ध न्यावयाची झाल्यास प्रश्न तोच असतो. उत्तर मात्र तितके सरळ नाही.

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगल्या जाणाऱ्या यंत्रास आउटबोर्ड इंजिन म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूड यांनी अमेरिकेत १९०९ साली असे यंत्र बाजारात आणले व त्यास व्यापारी यश लाभले. यंत्राचा माथा पाण्याबाहेर राहतो. त्यातून एक उभा दांडा खाली उतरतो आणि पाण्यातील पेटीत लहान दंतचक्र मोठ्या दंतचक्रास फिरविते. त्या मोठ्या चक्राच्या आडव्या दांड्यावर पंखा बसविलेला असतो. मालमोटारीप्रमाणे येथे चार-पाच गिअर नसतात. होडीवाल्याच्या हातातील दांडी पुढे, मोकळे व मागे एवढेच जाणते. गुणोत्तर एकच, आणि तेही कारखान्यात ठरलेले.

या एका आकड्यावर किती अवलंबून असते, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. यामाहा कंपनीच्या ९.९ अश्वशक्तीच्या यंत्राचे दोन प्रकार निघाले. साध्या प्रकारात गुणोत्तर २.०८ आहे, अधिक रेट्यासाठी बनविलेल्या प्रकारात २.९२. इंजिन मिनिटास ५,००० फेरे घेत असेल, तर पहिल्याचा पंखा सुमारे २,४०० फेरे घेईल, दुसऱ्याचा सुमारे १,७००. अश्वशक्ती तीच, परंतु पंख्याच्या दांड्यावरील पीळ दुसऱ्या प्रकारात सुमारे ४० टक्क्यांनी अधिक पडतो. ह्या पिळाच्या बळावर मोठ्या व्यासाचा पंखा फिरविता येतो, आणि खरा लाभ तेथेच आहे.

पंखा पाण्यास मागे लोटतो, म्हणून होडी पुढे जाते. आता थोडे पाणी फार वेगाने लोटावे की पुष्कळ पाणी संथपणे? दुप्पट पाणी निम्म्या वेगाने लोटले तर रेटा तेवढाच मिळतो, पण पाण्यास द्यावी लागणारी शक्ती निम्मीच लागते. प्रस्तुत लेखकासारख्या कलाशाखेच्या पदवीधरास हे प्रथम जादूसारखे वाटले. परंतु रेटा वेगाच्या प्रमाणात वाढतो व शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, एवढे ध्यानात घेतले की कोडे उरत नाही. जागच्या जागी ओढ घेताना, त्याच शक्तीवर पंख्याचा व्यास सव्वापट केल्यास रेटा सैद्धान्तिकदृष्ट्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो.

जड होडीस वेगाचा लोभ तसाही व्यर्थ असतो. पाणी कापीत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला आहे. पाण्याच्या रेषेवर २० फूट लांबी असलेली होडी ताशी सुमारे ११ किलोमीटरपर्यंत सुखाने जाते. त्यापुढे ती स्वतःच उठविलेल्या लाटेत अडकते आणि इंधन मात्र जळत राहते. हलक्या, पाण्यावर सरपटणाऱ्या होडीचे गणित निराळे. तिला कमी गुणोत्तरच मानवते.

मग जुन्या यंत्राचा गिअर बदलून घ्यावा काय? हे काम वाटते तितके सोपे नाही. दोन्ही दंतचक्रे जोडीनेच जुळविलेली असतात, आणि पेटीत मोठे चक्र मावेलच असे नाही. वरच्या आडव्या पत्र्याखाली मोठ्या पंख्यास जागा लागते. पंखा जुनाच ठेवून केवळ गुणोत्तर वाढविले, तर इंजिन ओझे न घेता आपल्या कमाल फेऱ्यांना पोहोचेल आणि होडी उलट मंदावेल. म्हणून बहुधा संपूर्ण खालची पेटी पंख्यासह बदलावी लागते. खाडीत आणखी एक अडचण आहे. मोठा पंखा अधिक खोल उतरतो आणि ओहोटीच्या वेळी गाळास टेकतो.

त्यापेक्षा आधी पंखा बदलून पाहणे शहाणपणाचे. पंख्याच्या पात्यांचा पीळ, म्हणजे एका फेऱ्यात तो जितके अंतर कापू पाहतो ते पिच, एक इंचाने कमी केल्यास इंजिनाचे फेरे साधारणतः १५० ते २०० ने वाढतात. भरल्या होडीत पूर्ण जोर देऊनही इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत चढत नसेल, तर दोष बहुतेकदा पंख्याच्या जास्त पिचचा असतो. या उपायास खर्च थोडा येतो.

हा विषय केवळ मासेमारीचा नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि एक हजारावर प्रवाशांना सोडविण्यासाठी बचाव पथकांना होड्या आणाव्या लागल्या. माणसांनी भरलेली होडी प्रवाहात स्थिर धरावयाची असते, तेव्हा कामास येतो तो रेटा. मात्र रेटा वाढला म्हणजे होडीची वाहण्याची क्षमता वाढली, असा समज प्राणघातक ठरेल. ती क्षमता होडीच्या बांधणीवर ठरते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी, क्षमतेपेक्षा अधिक भरलेली होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. तेथे कोणताही गिअर उपयोगी पडला नसता.

गुणोत्तर जितके मोठे, तितका दांड्यावरील व दातांवरील ताण अधिक. म्हणून खालच्या पेटीतील तेलाकडे लक्ष हवे. जाळ्याचा नायलॉनचा दोरा पंख्यामागे गुंडाळला गेला की आतील सील कापले जाते आणि पाणी शिरते. तळाचा स्क्रू सैल करून थोडे तेल काढावे. ते दुधट दिसले, तर होडी पाण्यात न ढकलता सील आधी बदलून घ्यावे.