वेषांतर आणि खर्चाची वही

विसाव्या शतकाच्या आरंभी, ज्या लंडन शहरातून एका विशाल साम्राज्याचा कारभार हाकला जात होता, त्याच शहराच्या पूर्व भागातील दारिद्र्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिण्याचे जे उद्योग झाले, त्यांत जॅक लंडन या अमेरिकन लेखकाचे ‘द पीपल ऑफ द अबिस’ (१९०३) सर्वांत गाजले. १९०२ च्या उन्हाळ्यात, दक्षिण आफ्रिकेची बातमीदारी रद्द झाल्यावर, सव्वीस वर्षांचा हा तरुण जुन्या बाजारातले कपडे चढवून खलाशाच्या मिषाने ईस्ट एंडमध्ये शिरला; अडीअडचणीसाठी एक सोन्याचे नाणे त्याने बंडीत शिवून ठेवले होते. रस्त्यावर पडलेल्या फळांच्या साली उचलून खाणारे दोन वृद्ध कामकरी, निराधारांच्या सरकारी आश्रयगृहातील रात्र, आणि सातव्या एडवर्डचा राज्याभिषेकसोहळा पार पडल्यावर त्याच रात्री थेम्सकाठच्या बाकांवर बसून झोपलेली बेघर माणसे, यांची त्याने काढलेली चित्रे आजही वाचकाला अस्वस्थ करतात.

चार्ल्स बूथ या समाजसंशोधकाने सतरा खंडांच्या पाहणीत लंडनची शेकडा ३०.७ वस्ती दारिद्र्यात असल्याचे दाखविले होते, आणि राउंट्रीने यॉर्कसारख्या लहान शहरातही २७.८४ हा आकडा काढला होता. त्या अंकांना जॅक लंडनने रक्तमांस दिले, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. ओल्डहॅमच्या मेरी हिग्ज या धर्मोपदेशकाच्या पत्नीनेही वेष पालटून बेघर स्त्रियांच्या निवाऱ्यांत रात्री काढल्या आणि १९०६ साली त्यांचे वृत्त प्रसिद्ध केले. परंतु वेषांतर करणाऱ्याला परतीची वाट मोकळी असते. उपासमार कशी दिसते हे त्याला सांगता येते, ती घरात कशी शिरते हे मात्र सहसा सांगता येत नाही.

ते काम मॉड पेंबर रीव्हज यांनी केले, आणि माझ्या मते ते अधिक मोलाचे आहे. १९०९ पासून त्यांच्या फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेतील स्त्रियांच्या गटाने लंडनच्याच लॅम्बेथ भागातील मजुरांच्या घरी आठवड्याच्या आठवड्याला जाऊन गृहिणींकडून जमाखर्च लिहवून घेतला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी तो तोंडी सांगितला. ही घरे व्यसनी अथवा बेकार माणसांची नव्हती. कर्ता पुरुष इमानाने राबून आठवड्याला सुमारे एक पौंड आणी, त्यातला तिसरा हिस्सा अंधाऱ्या, ओलसर खोल्यांच्या भाड्यात जाई, लेकरू दगावल्यास बेवारशी पुरावे लागू नये म्हणून विम्याचे पैसे अन्नाच्याही आधी बाजूला पडत, मटण कमावत्याच्या ताटात जाई आणि मुले पावावर वाढत. दूध, साखर, धड पातेले आणि जळण यांची वानवा असलेल्या या बायकांना ओटच्या खिरीचा उपदेश करणाऱ्या सुखवस्तू हितचिंतकांना या नोंदींवरून रीव्हज यांनी लिहिलेल्या १९१३ च्या पुस्तकाने दिलेले उत्तर असे, की येथे उणीव काटकसरीची नसून पैशाची होती.

आपल्याकडे मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनेही १९२३ साली मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल प्रसिद्ध केला. अशा नोंदी जपल्या जाव्यात म्हणून मुंबईच्या गिरणगावातील ज्या घरांत वाण्याच्या उधारीच्या, भाड्याच्या किंवा खाणावळीच्या जुन्या वह्या उरल्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन कराव्यात, ही विनंती.