एक वाजता किती जण येतील?

दहावीचा निकाल ऑनलाइन लागायचा असतो, त्या दिवशी महाराष्ट्रातल्या लाखो घरांत बैठक क्रमांक आणि आईचं नाव आधीच टाइप करून ठेवलेलं असतं. दुपारचा एक वाजला की सगळी बोटं एकदम बटणावर पडतात. अशा वेबसाइटची चाचणी करणाऱ्याला काही दिवस आधीच सांगावं लागतं, की नेमकी गर्दी किती होईल.

सरासरी काढली की इथेच घोळ होतो. पंधरा लाख मुलं आणि दिवसाचे 86,400 सेकंद असा भागाकार केला, तर सेकंदाला सतरा-अठरा जण येतात. एवढा भार साधासा सर्व्हरही पेलेल. पण समजा, त्यातली सहा लाख मुलं पहिल्या दहा मिनिटांतच आली, तर हाच आकडा सेकंदाला हजारावर जातो. शिवाय मूल एक असलं तरी निकाल बघणारे अनेक असतात: मामा, शेजारच्या काकू, वर्गशिक्षक.

आता या हजारांना थांबावं किती लागतं, ते बघायचं. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 साली एक नियम सिद्ध केला: येण्याच्या वेगाला आत थांबण्याच्या वेळेनं गुणलं, की एका वेळी आत किती जण आहेत ते कळतं. दवाखान्यातल्या बाकड्यांनाही तो लागू पडतो. सेकंदाला हजार जण आले आणि प्रत्येकाला दीड मिनिट लागलं, तर एका वेळी नव्वद हजार जण साइटवर असतात. साइट मंदावली आणि तेच काम साडेचार मिनिटांवर गेलं, तर येणारे तेवढेच राहूनही आतली गर्दी दोन लाख सत्तर हजार होते. वर वैतागून पुन्हा पुन्हा रिफ्रेश करणारे वेगळेच.

आकड्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व माणसं आत येऊन काय करतात याला असतं. अमेरिकी सरकारची आरोग्यविम्याची साइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, 1 ऑक्टोबर 2013 ला सुरू झाली. एका वेळी पन्नास ते साठ हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाख. त्यात नुसती विम्याची किंमत बघायला आलेल्यालाही आधी खातं उघडायला लावलं होतं. दुकानात डोकावणाऱ्या प्रत्येकाला दारातच पावती फाडायला लावावी, तसा हा प्रकार. सगळी रेटारेटी खातं उघडण्याच्या त्या एकाच पायरीवर झाली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची.

हॉटस्टारचं उदाहरण याहून बोलकं आहे. 10 जुलै 2019, मँचेस्टर, विश्वचषकाची उपांत्य फेरी. भारत-न्यूझीलंड सामना हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून अधिक लोक बघत होते. गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावबाद झाला आणि बघता बघता प्रेक्षक पांगले. गर्दी ओसरली म्हणजे ताण कमी झाला, असं कुणालाही वाटेल. पण सामना बघणाऱ्याच्या फोनवर व्हिडिओचे तुकडे येत असतात ते जागोजागच्या साठवणीच्या सर्व्हरांवरून, ॲपच्या मुख्य यंत्रणेला त्याचा फारसा त्रास नसतो. सामना सोडताना मात्र माणूस बॅकचं बटण दाबतो आणि होमपेजवर येतो. तिथे त्याच्यासाठी मालिका, सिनेमे, शिफारशी असं सगळं नव्यानं मागवलं जातं. म्हणजे प्रेक्षक निघून जात असतानाच होमपेजवर लाट येते. हॉटस्टारच्या अभियंत्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी फक्त बघणारे मोजले नव्हते, उठून जाणाऱ्यांचाही हिशेब आधीच धरला होता.

हे बारकावे कागदावर बसून सुचत नाहीत. त्यासाठी मागच्या वर्षीच्या सर्व्हर लॉगमधलं एक ते दोन या तासाचं मिनिटामिनिटाचं चित्र बघावं लागतं. किती जणांनी आईच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं, किती जण पान उघडंच ठेवून मार्कांची बेरीज करत बसले, किती जणांनी रेंज गेल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, हे सगळं त्या नोंदींतून शोधून काढायचं. चाचणीतले खोटे वापरकर्तेही मग तसेच अडखळणारे, थांबणारे आणि मध्येच निघून जाणारे करायचे.