दुसऱ्या भागाची धास्ती

गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग येणार असे कळले की नांदेड-लातूरकडच्या रसिकाच्या मनात आनंदाबरोबर धास्तीही शिरते. पहिल्याने लावलेला जिव्हाळा दुसरा लावील काय? न लावल्यास पहिल्याचीही गोडी जाईल काय?

घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम येथे अपुरा पडतो. दुसरा आंबा पहिल्याहून कमी गोड लागेल, पण खाऊन झालेल्या पहिल्याची चव तो बिघडवीत नाही.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. लातूर जिल्ह्यात त्या वर्षाचे नाव काढले की आधी आठवते ती ३० सप्टेंबरची किल्लारीची भयाण पहाट. तात्या विंचूही त्याच वर्षीचा. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भेदरलेला लक्ष्या! २०१३ साली ‘झपाटलेला २’ त्रिमिती तंत्र घेऊन आला, तेव्हा बाहुला होता, लक्ष्या नव्हता. बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीच निवर्तले होते. कथा लक्ष्याच्या मुलावर सोपवावी लागली. बाहुला अंगावर धावून आला खरा. पण प्रेक्षक हसत असे तो लक्ष्याच्या भेदरण्याला.

निर्मात्याचा हिशेब निराळा. ओळखीचे नाव म्हणजे जाहिरातीचा निम्मा भार हलका. त्यात गैर काही नाही. मात्र हे भांडवल साठवले प्रेक्षकाने, आणि ते गुंतवताना त्याला कोणी विचारीत नाही. तरीही तो तिकीट काढतोच. लक्ष्या कोण होता, हे शेजारी बसलेल्या मुलांना सांगायला तेवढेच निमित्त.